खिल्ली कशाला म्हणावे आणि तो शब्द कुठे वापरावा

मराठीत दुसऱ्याला हसण्यासाठी शब्दांचा तुटवडा कधीच नव्हता. थट्टा, मस्करी, चेष्टा, कुचेष्टा, टिंगल, टवाळी, टर, हुर्यो, हेटाळणी, उपहास, उपरोध अशी नावे घेत गेले तर दोन्ही हातांची बोटे अपुरी पडतात, आणि शब्दकोश उघडला तर यांपैकी बरेच शब्द एकमेकांचेच अर्थ म्हणून दिलेले आढळतात. त्यामुळे यांतला कोणताही शब्द कोणत्याही जागी चालतो, असा लिहिणाऱ्याचा समज होतो. नाशिकमध्ये स्मरणिका, दिवाळी अंक आणि संस्थांचे अहवाल यांची मुद्रिते तपासण्याचे काम मी करतो, आणि या कामात सर्वांत सैल हाताने वापरलेला दिसतो तो शब्द म्हणजे ‘खिल्ली’. नेत्याने विरोधकावर टीका केली तरी खिल्ली, शिक्षकाने हसत हसत विद्यार्थ्याला दोन शब्द सुनावले तरी खिल्ली, आणि कोणी पाय घसरून पडले व बघे हसले तरीही खिल्लीच. हा शब्द नेमका कधी वापरावा, त्याच्याबरोबर कोणते क्रियापद आणि कोणती विभक्ती यावी, आणि कधी तो बाजूला ठेवून शेजारचा शब्द घ्यावा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

खिल्लीला तिसरा माणूस लागतो

एखाद्याच्या बोलण्याला, कृतीला किंवा दाव्याला इतरांसमोर हास्यास्पद ठरवणे म्हणजे खिल्ली उडवणे. या व्याख्येतील ‘इतरांसमोर’ हा भाग बहुतेक लोक विसरतात, आणि सगळा घोळ तिथेच होतो. थट्टा दोघांत होऊ शकते. टोमणाही दोघांत मारता येतो. खिल्ली मात्र दोघांत उडत नाही; तिला उडवणारा, जिची उडवली जाते ती व्यक्ती किंवा गोष्ट, आणि ते पाहून हसणारा प्रेक्षक असे तिघे लागतात. किंबहुना खिल्ली उडवणाऱ्याचे लक्ष ज्याची खिल्ली उडवली जाते त्याच्याकडे नसतेच, ते हसणाऱ्यांकडे असते.

हे एका उदाहरणावरून स्पष्ट करतो. निफाड किंवा दिंडोरी तालुक्यातील एखादे द्राक्षाचे गाव डोळ्यांसमोर आणावे. घड पक्व होत आलेले असताना अवकाळी पाऊस आला की मणी तडकतात आणि वर्षाची मेहनत जाते, म्हणून गावातल्या एका वयस्क बागायतदाराने, त्यांना आपण नाना म्हणू, कर्ज काढून बागेवर प्लास्टिकचे आच्छादन घातले. सकाळी पारावर बसलेल्या मित्राने त्यांना पाहून म्हटले, “काय नाना, बागेला शालू नेसवला जणू!” नाना थांबले आणि म्हणाले, “नेसवला ना. आता हळदीला तुमचीच वाट बघतोय.” दोघेही हसले. ही थट्टा. ती तोंडावर झाली, नानांना उत्तराची संधी मिळाली, आणि त्यांनी ती घेतली.

थोड्या वेळाने त्याच पारावर दुसरा एक गृहस्थ, नानांना ऐकू जाईल अशा बेताने पण बोलणे भलत्याच माणसाला उद्देशून आहे असे दाखवत, म्हणाला, “आपल्या घराला धड पत्रे नाहीत, आणि लोकांच्या वेलींना छप्पर आहे.” हा टोमणा. यात हसू जवळजवळ नाही, मत्सर आहे, आणि उत्तर द्यावे तर ‘मी तुम्हाला कुठे काय बोललो’ असे म्हणायला तो मोकळा आहे.

दुपारपर्यंत कोणीतरी आच्छादन घातलेल्या बागेचे छायाचित्र काढून गावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले आणि खाली लिहिले, “मांडवावर मांडव चढला. नवरदेव कधी येणार? आहेर आणू नये.” द्राक्षाची वेल मुळातच मांडवावर चढवलेली असते, त्यामुळे कोटी चांगली साधली होती, आणि तिच्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. नाना त्या गटात नव्हते. ही खिल्ली.

विषय तोच, माणूस तोच, आच्छादनही तेच. पण तिन्ही प्रसंगांना एकच शब्द लावला तर वाचकाला गावात काय घडले ते कळणार नाही. म्हणून शब्द निवडताना स्वतःला दोन गोष्टी विचाराव्यात. हसणारा तिसरा कोणी होता का? आणि ज्याच्याविषयी बोलले गेले त्याला उत्तर देण्याची जागा ठेवली होती का? पहिल्याचे उत्तर ‘होय’ आणि दुसऱ्याचे ‘नाही’ असेल तर बिनधास्त ‘खिल्ली’ लिहावे. नाना त्या गटात असते आणि त्यांनी खाली “नवरदेव तुम्हीच, मुंडावळ्या बांधून या” असे लिहून हशा आपल्या बाजूला ओढून घेतला असता, तर मी तोच प्रसंग ‘थट्टा’ म्हणून लिहिला असता.

‘चे’, ‘वर’, ‘ला’ आणि ‘उडवणे’

खिल्ली हा शब्द स्त्रीलिंगी असून तो नेहमी एकवचनातच येतो. ‘खिल्ल्या उडवल्या’ असे कोणी लिहीत नाही. ज्याची खिल्ली उडवली जाते त्याला षष्ठीचा प्रत्यय लागतो: विधानाची खिल्ली, योजनेची खिल्ली, शेजाऱ्याची खिल्ली. ‘त्याच्यावर खिल्ली उडवली’ हे चूक आहे. तिथे बहुधा ‘त्याच्यावर टीका केली’ या रचनेचा प्रत्यय चुकून आलेला असतो. ‘त्याला खिल्ली केली’ हेही चूकच. भूतकाळी रचनेत क्रियापद खिल्लीच्या लिंगाप्रमाणे चालते, म्हणून ‘वक्त्यांनी प्रस्तावाची खिल्ली उडवली’ असे होते. कर्ता अनेकवचनी आदरार्थी असला तरी ‘उडवले’ होत नाही. ‘उडवणे’ आणि ‘उडविणे’ ही दोन्ही रूपे चालतात, मात्र एका मजकुरात एकच ठेवावे.

या शब्दाचे खरे आयुष्य ‘उडवणे’ या एका क्रियापदाशी बांधलेले आहे. थट्टा करता येते आणि उडवताही येते, टिंगलही तशीच; खिल्ली मात्र जवळजवळ नेहमी उडवलीच जाते. तिच्यापासून विशेषण होत नाही. थट्टेपासून थट्टेखोर, चेष्टेपासून चेष्टेखोर, टवाळीपासून टवाळखोर, उपहासापासून उपहासात्मक अशी रूपे आहेत, पण ‘खिल्लीखोर’ असा शब्द वाचनात आला तर तो लिहिणाऱ्याने घरी बनवला आहे असे समजावे. त्यामुळे ‘खिल्लीच्या सुरात म्हणाला’ असे ओढूनताणून लिहिण्यापेक्षा ‘उपहासाने म्हणाला’ किंवा ‘खिल्ली उडवत म्हणाला’ असे लिहावे.

आणखी एक बारकावा सांगितला पाहिजे. मराठीत धांदल उडते, तारांबळ उडते, भंबेरी उडते, घाबरगुंडी उडते; या सगळ्या आपोआप उडणाऱ्या गोष्टी आहेत, त्यांना उडवणारा लागत नाही. खिल्लीचे तसे नाही. ‘सभेत त्याची खिल्ली उडाली’ हे वाक्य कानाला अपुरे वाटते, कारण वाचक लगेच विचारतो, कोणी उडवली? कर्ता सांगायचा नसेल तर ‘उडवली गेली’ किंवा ‘उडवण्यात आली’ असे लिहावे, म्हणजे निदान कोणीतरी होते एवढे तरी शिल्लक राहते. आणि मुद्दाम कोणी काहीच केले नसेल, माणूस स्वतःच्याच करणीने हास्यास्पद झाला असेल, तर खिल्ली हा शब्दच नको. ‘त्याचे हसे झाले’ किंवा ‘त्याची फजिती झाली’ असे म्हणावे. आरंभी सांगितलेला पाय घसरून पडणारा माणूस याच प्रकारात मोडतो.

‘उडवणे’ या क्रियापदाचा गोतावळा मोठा आहे. टर उडवतात, हुर्यो उडवतात, रेवडी उडवतात, टोपी उडवतात. यांतील शेवटच्या दोघींबाबत सावध राहावे. ‘टोपी उडवणे’ म्हणजे चारचौघांत मान उतरवणे, पण ‘टोपी घालणे’ म्हणजे सरळ फसवणे. घाईत एकाच्या जागी दुसरे छापले गेले तर प्रकरण विनोदावर थांबणार नाही. ‘रेवडी उडवणे’ ही मराठीतली जुनी चांगली लकब आहे, पण अलीकडे हिंदी राजकारणातून ‘रेवडी वाटणे’, म्हणजे मतांसाठी फुकट सवलती देणे, हा प्रयोग आपल्या वृत्तपत्रांत इतका रुळला आहे की ‘सरकारी योजनेची रेवडी उडवली’ या वाक्यावर आजचा वाचक क्षणभर अडखळतो. अशा ठिकाणी मी निमूटपणे ‘खिल्ली’ करून टाकतो.

बाकीच्या शब्दांची क्रियापदे ठरलेली आहेत आणि ती बदलली की मराठी परकी वाटू लागते: टोमणा मारतात, चिमटा काढतात, कोपरखळी मारतात, फिरकी घेतात, वाकुल्या दाखवतात, शालजोडीतले देतात.

शेजारचे शब्द

थट्टेविषयी वर बरेच आले. तिला आपल्या समाजाने काही नात्यांत आणि काही दिवशी मुभाच देऊन ठेवली आहे. दीर-भावजय, मेहुणा-मेहुणी, विहिणी-विहिणी यांच्यात थट्टा झाली नाही तर घरात काहीतरी बिनसले आहे असे समजले जाते, आणि मंगळागौरीच्या खेळांत सासू-नणंदेवर जे रचून म्हटले जाते ते सासू-नणंदा समोर बसून ऐकतात. जत्रेतल्या तमाशात गवळण सुरू झाली की मावशी प्रत्यक्ष कृष्णालाही सोडत नाही. पण कृष्ण रंगमंचावर हजर असतो आणि उलटून बोलतो, म्हणून ती थट्टाच राहते. याच थट्टेला पाय फुटले की ‘मस्करीची कुस्करी’ होते, आणि हा वाक्प्रचार प्रसंग बिघडल्यावरच वापरावा, आधी नव्हे.

चेष्टा हा शब्द थट्टेच्या अगदी लगतचा आहे. मात्र संस्कृतातील त्याचा मूळ अर्थ ‘हालचाल, कृती’ असा असल्यामुळे जुना ग्रंथ वाचताना किंवा आयुर्वेदावरचा लेख तपासताना ‘चेष्टा’ दिसली तर तिला विनोद समजू नये. कुचेष्टेत वाईट हेतू उघड असतो.

टर उडवणे हे पोरांचे काम आहे. नाशिकच्या रंगपंचमीला तिवंधा चौकातील रहाड, म्हणजे जमिनीतला मोठा हौद, रंगाच्या पाण्याने भरली की तरुण मंडळी काठावरून तिच्यात धप्पा मारतात, आणि बाहेरगावचा एखादा पाहुणा कपडे सावरत काठावरच रेंगाळला की त्याची जी होते ती टर. तिच्यात गलका असतो, क्षणिकपणा असतो, आणि पाहुण्याने उडी मारली की ती संपते. औपचारिक लेखात टर शोभत नाही. ललित लेखात ती खिल्लीपेक्षा जिवंत वाटते. हुर्यो म्हणजे जमावाने एकत्र ओरडून केलेला अपमान. ती एकटा माणूस उडवू शकत नाही, त्यामुळे ‘एका श्रोत्याने वक्त्याची हुर्यो उडवली’ हे वाक्य दुरुस्त करावे लागते.

टवाळी या शब्दाला आपल्या भागात थोडा वेगळा मान द्यायला हवा. समर्थ रामदासांनी बारा वर्षे तपश्चर्या केली ती नाशिकजवळ टाकळीला, गोदावरी आणि नंदिनीच्या संगमावर, असे परंपरा सांगते, आणि ‘टवाळां आवडे विनोद’ हे दासबोधातील त्यांचे वचन आजही विनोदाला नाके मुरडणारे लोक हटकून पुढे करतात. वचनाचा रोख मात्र नीट पाहावा. टवाळाला विनोद आवडतो, असे समर्थ म्हणतात. ज्याला विनोद आवडतो तो टवाळ, असे ते म्हणत नाहीत. त्याच ओवीत पुढे ‘उन्मत्तास नाना छंद’ आहे, आणि त्यावरून छंद असणारा प्रत्येक जण उन्मत्त असतो असा निष्कर्ष अद्याप कोणी काढलेला नाही. शब्दाच्या वापरापुरते बोलायचे तर टवाळी ही सवय आहे आणि खिल्ली ही घटना आहे. जो उठल्यापासून निजेपर्यंत जाणाऱ्या-येणाऱ्याला काहीतरी म्हणत असतो तो टवाळक्या करतो. ‘त्याने दिवसभर खिल्ली उडवली’ असे त्याच्याविषयी लिहिता येत नाही, कारण खिल्लीला एक ठरावीक लक्ष्य आणि एक ठरावीक वेळ लागते. टिंगल या दोहोंच्या मध्ये कुठेतरी येते आणि म्हणूनच बोलताना ती टवाळीशी जोडून ‘टिंगलटवाळी’ अशी येते.

हेटाळणीत हसू असण्याची गरज नाही. तिच्यात तुच्छता असते, आणि ती चेहऱ्यावर हसू न आणता, आवाज न चढवता, वर्षानुवर्षे चालू शकते. नव्याने आलेल्या सुनेच्या माहेरच्या बोलीची सासरी हेटाळणी होते. तिची खिल्ली एखाद्या दिवशी पाहुण्यांसमोर उडवली जाते. दोन्ही वाक्ये खरी असू शकतात, पण पहिले अधिक गंभीर आहे, आणि कथा लिहिणाऱ्याने ते ओळखून शब्द ठेवावा. स्वतःच्या बाबतीत हा फरक आणखी ठळक होतो. स्वतःची खिल्ली उडवणारा माणूस मैफलीत हवाहवासा वाटतो, आणि स्वतःची हेटाळणी करणाऱ्याला घरच्यांनी सांभाळून घ्यावे लागते.

उपरोध हा बोलण्याचा प्रकार आहे: शब्द एक, अर्थ उलट. उशिरा येणाऱ्याला “या, आज लवकर आलात” म्हणणे हा उपरोध. त्यातून खिल्ली उडवता येते, पण दोन्ही एक नव्हेत, जसे सुरी आणि कापणे एक नव्हेत. अलंकारशास्त्रातील व्याजस्तुती, म्हणजे वरून स्तुती आणि आतून निंदा, ही उपरोधाची शिकली-सवरलेली बहीण. विडंबन म्हणजे एखाद्या रचनेचा ढंग उचलून तिच्यावरच उलटवणे. ते करण्यासाठी मूळ रचना चांगली ठाऊक असावी लागते, खिल्लीला तेवढी पात्रता लागत नाही. ‘ट्रोल करणे’ हा नवा प्रयोग आता मराठीत राहणारच असे दिसते, आणि अनोळखी लोकांनी झुंडीने, पुन्हा पुन्हा केलेल्या हल्ल्यासाठी तो योग्यही आहे. मात्र एकट्या माणसाने एकदाच केलेल्या विनोदाला तो लावू नये.

परिहास, आणि पंचवटीतला प्रसंग

‘हस्’ या संस्कृत धातूला वेगवेगळे उपसर्ग लागून उपहास, परिहास, प्रहसन असे शब्द झाले. त्यांपैकी परिहास हा आजच्या लिहिण्यातून मागे पडला आहे, ही गोष्ट मला खटकते, कारण मनात वाईट नसलेल्या, सुसंस्कृत विनोदासाठी तो नेमका शब्द आहे. नाशिककराला तर तो ठाऊक असायलाच हवा. नाशिक हे नाव शूर्पणखेच्या कापलेल्या नासिकेवरून पडले, असे लोकपरंपरा मानते, आणि वाल्मीकिरामायणाच्या अरण्यकांडात ती घटना परिहासातूनच घडते. शूर्पणखा रामाकडे विवाहाची इच्छा व्यक्त करते. राम हसत तिला लक्ष्मणाकडे पाठवतो. लक्ष्मण म्हणतो, मी तर दास, माझी भार्या होऊन तू दासी कशाला होतेस, आणि तिला परत रामाकडे धाडतो. हे सारे तिला खरे वाटते. वाल्मीकीने तिच्यासाठी तिथे ‘परिहासाविचक्षणा’ असे विशेषण वापरले आहे, म्हणजे जिला परिहास ओळखता येत नाही अशी. ती चिडून सीतेवर धावून जाते तेव्हा राम लक्ष्मणाला सांगतो की क्रूर आणि अनार्य लोकांशी परिहास कधीही करू नये, आणि त्यानंतर लक्ष्मण तिचे नाक-कान कापतो.

धार्मिक अर्थ लावणे हे माझे काम नव्हे. शब्दाच्या वापरासाठी मात्र या प्रसंगातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. बोलणाऱ्यांच्या दृष्टीने तो परिहास आहे, वाल्मीकीनेही त्याला तेच नाव दिले आहे. पण जिच्याशी तो चालला आहे तिला विनोद चालू आहे याचाच पत्ता नाही, आणि मौज समजणारे दोघे एका बाजूला आहेत. समोर उभी असूनही ती त्या विनोदात सहभागी नाही. आधी सांगितलेली कसोटी इथे लावली तर हाच प्रसंग शूर्पणखेच्या बाजूने सांगणारा लेखक ‘खिल्ली’ हाच शब्द वापरील, आणि भाषेच्या दृष्टीने तो चुकणार नाही. म्हणजे ज्याची खिल्ली उडवली जाते तो गैरहजरच असला पाहिजे असे नाही. विनोद चालू आहे हे त्याला कळत नसले, किंवा कळूनही बोलता येत नसले, तरी पुरते. परक्या भाषेत चाललेल्या बोलण्यात अडकलेला कामगार, मोठ्यांच्या बैठकीत बोलावून गाणे म्हणायला लावलेले मूल, साहेबाच्या दालनात उभा असलेला शिपाई, हे सगळे समोर असतात आणि तरीही त्यांची खिल्लीच उडवली जाते.

कोणाची उडवली, यावर शब्दाचा रंग

‘लेखकाने अंधश्रद्धेची खिल्ली उडवली आहे’ असे पुस्तक परीक्षणात लिहिले तर ती प्रशंसा होते. ‘लेखकाने अंध माणसाची खिल्ली उडवली आहे’ असे लिहिले तर तो आरोप होतो. क्रियापद तेच, नाम तेच, एका शब्दाने सगळे पालटले. दांभिकपणा, बडेजाव, पोकळ घोषणा, खोटी विद्वत्ता यांची खिल्ली उडवणारा शाबासकी मिळवतो. शरीर, जात, गरिबी, बोली, आजार यांची उडवणारा टीकेला पात्र ठरतो. म्हणून परीक्षण लिहिताना किंवा निवेदन करताना खिल्लीचे लक्ष्य वाक्यात स्पष्ट असले पाहिजे. ‘नाटककाराने ग्रामीण जीवनाची खिल्ली उडवली आहे’ या वाक्यात वाचकाला प्रशंसा आणि निंदा यांपैकी काय घ्यावे ते कळत नाही. ‘ग्रामीण राजकारणातील हांजीहांजीची खिल्ली’ असे लिहिले की शंका उरत नाही.

नानांच्या उदाहरणातही ‘गावाने नानांची खिल्ली उडवली’ असे लिहिणे मी टाळीन. गटावरच्या त्या ओळीत नानांचे नाव नव्हते, हसू आच्छादनावर होते; ‘आच्छादनाच्या प्रयोगाची खिल्ली उडवली’ हे जास्त खरे आहे. माणूस आणि त्याचे काम यांतला हा फरक खिल्ली हा शब्द पाळू शकतो, आणि हेटाळणी हा शब्द सहसा पाळू शकत नाही.

बातमीत आणि तक्रार-अर्जात

बातमीदाराने हा शब्द जपून वापरावा, कारण तो वापरताच बोलणाऱ्याचा हेतू काय होता याचा निवाडा बातमीदारच देऊन मोकळा होतो. मूळ भाषणातले हसू काढून टाकले तरी विधान उभे राहत असेल, त्यात कारण आणि आकडे असतील, तर ती टीका होय. उत्तरादाखल जोरकस एक वाक्य आले असेल तर टोला लगावला; हलकेच बोचेल असे काही असेल तर चिमटा काढला. श्रोत्यांत हशा पिकला होता आणि तो पिकावा म्हणूनच वाक्य रचले होते, हे दोन्ही दिसत असेल तेव्हाच खिल्ली. शक्य असेल तर ते मूळ वाक्य अवतरणात द्यावे आणि वाचकाला ठरवू द्यावे.

तक्रार-अर्जात तर याहून जास्त काळजी घ्यावी लागते. महाविद्यालयातील एखादा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी ‘वर्गात माझी सतत खिल्ली उडवली जाते’ एवढेच लिहून देते आणि चौकशी करणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्यात चिडवणे आणि त्रासदायक खोड्या काढणे यांचाही रॅगिंगच्या व्याख्येत समावेश आहे, तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करावी अशी तरतूद आहे, आणि गुन्हा सिद्ध झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दिव्यांग व्यक्तीचा लोकांसमोर हेतुपुरस्सर अपमान करणे हा २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम ९२ खाली गुन्हा असून त्याला सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आहे. यांपैकी कोठेही कायदा ‘खिल्ली’ मोजत नाही. तो काय म्हटले, कोणी म्हटले, कुठे आणि कोणासमोर म्हटले ते पाहतो.

म्हणून अर्जाच्या ‘विषय’ या ओळीत ‘वर्गात खिल्ली उडवली जात असल्याबाबत’ असे लिहिण्यास हरकत नाही, परंतु पुढच्या परिच्छेदात तो शब्द सोडून द्यावा आणि घटना मांडावी: अमुक तारखेला, प्रयोगशाळेत, तास सुटताना, अमुक विद्यार्थ्याने माझ्या बोलण्याची नक्कल करून हे शब्द उच्चारले. ते शब्द अवतरणचिन्हांत, जसेच्या तसे द्यावेत, कितीही ओंगळ असले तरी; ‘नको ते बोलले’ अशी सभ्य झाकपाक केली तर अर्जदाराचेच नुकसान होते. गटावर आलेला मजकूर असेल तर त्याचा स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह जोडावा. आणि त्या वेळी जे हसले त्यांची नावे जरूर लिहावीत. बहुतेक अर्जदार ती गाळतात, कारण त्यांचा राग बोलणाऱ्यावर असतो, हसणाऱ्यांवर नसतो. पण चौकशी समितीपुढे साक्षीदार म्हणून बोलावता येतील असे लोक तेवढेच असतात.